कारवीचा फेरफार

अंबरनाथ-बदलापूरच्या दक्षिणेकडे मलंगगडापासून चंदेरीपर्यंत डोंगरांची जी रांग गेली आहे, तिच्या उतारांवर दाटीने उगवणारे, पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे, सात-आठ वर्षे नुसत्या खरखरीत पानांवर काढून एखाद्या पावसाळ्याच्या अखेरीस जांभळ्या-निळ्या फुलांनी डवरणारे आणि बी धरले की वाळून जाणारे जे झुडूप त्या परिसरात लहानथोर सारे कारवी म्हणून ओळखतात, त्याच्या नावाने १९४४ साली वनस्पतिशास्त्रात एक नवी प्रजाती स्थापन झाली. तिचे संस्थापक ब्रेमेकॅम्प हे नेदरलँड्समधील युट्रेख्ट विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रजातीला त्यांनी नाव दिले ‘कार्व्हिया’. शब्दाच्या अखेरीस लॅटिन वळणाचा प्रत्यय लावला, एवढाच काय तो संस्कार. बाकीचा शब्द मराठी, आणि तोही पोथीतला नसून रानातला. त्यांचा देश त्या वेळी जर्मन फौजांच्या अंमलाखाली होता, आणि अशा दिवसांत एका डच विद्वानाने सह्याद्रीच्या झुडपाचे गावरान नाव शास्त्राच्या दप्तरी दाखल करून घ्यावे, ही घटना मराठी माणसाने फारशी कधी ध्यानात घेतली नाही याचे मला नवल वाटत आले आहे.

हा मान मोठा होता, परंतु तो टिकला नाही. कारवीचे आधीचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रोबिलँथेस कॅलोसा’. ते नीस फॉन एझनबेक या जर्मन पंडिताने १८३२ साली दिलेले. त्यातील ‘स्ट्रोबिलँथेस’ ही प्रजाती ब्लूम याने १८२६ साली स्थापिली होती, आणि तिचा ग्रीक अर्थ इतकाच की जिची फुले शंकूसारख्या गुच्छांत येतात ती. या एका प्रजातीत पुढे आशियाभरच्या झुडपांची इतकी गर्दी झाली की ब्रेमेकॅम्प यांनी तिची वाटणी करून कितीतरी नव्या प्रजाती निर्माण केल्या, आणि त्या वाटणीत कारवीच्या वाट्याला तिचे स्वतःचे नाव आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढे आनुवंशिक पुराव्याच्या आधारे दुसऱ्या अभ्यासकांनी ही वाटणी अवास्तव ठरवली आणि सगळ्या वाटण्या पुन्हा मूळ खात्यात जमा केल्या. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराच्या नावाला कंस पडतो, पण ते नाव खोडून नाहीसे केले जात नाही, तशीच ‘कार्व्हिया’ची आजची अवस्था आहे: जागतिक सूचींत ती समानार्थी नाव म्हणून उरली आहे, आणि आपल्याकडील अनेक ग्रंथांत व डोंगर भटकणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र अजून कब्जेदार म्हणून वावरते आहे.

या फेरफारावर मराठी अस्मितेचा दुखवटा पाळावा असे मला वाटत नाही. पुराव्याने ज्या वाटण्या टिकत नाहीत त्या केवळ आपले नाव त्यात होते म्हणून टिकवून धराव्यात, ही मागणी शास्त्रात चालणारी नाही आणि चालूही नये. परंतु त्याचबरोबर, शास्त्रीय नावे म्हणजे परकीयांची अवघड पोपटपंची, तिच्याशी आपला संबंध काय, असे म्हणून पाठ फिरवणारे जे सुशिक्षित आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांच्याशीही माझे जमत नाही. वनस्पतीचे प्रजातिनाम हा एक दस्तऐवज आहे. त्यावर कोणाची मोहर आहे, साक्षीदार कोण आहे, आणि ज्याच्या माहितीवर सारा मजकूर उभा राहिला त्याचे नाव कोठे गळाले आहे, हे वाचण्याची सवय आपण लावून घेतली तर आपल्याच डोंगरांचा दोनअडीचशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

या दस्तऐवजाचा पहिला शिरस्ता घालून दिला तो स्वीडनच्या लिनियसने. १७३७ सालच्या ‘क्रिटिका बोटानिका’ या ग्रंथात त्याने प्रजातिनामांचे नियम सांगितले, आणि १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटानिका’त ते सूत्ररूपाने पुन्हा मांडले. त्यांतील एक नियम असा की ज्या नावाचे मूळ ग्रीक किंवा लॅटिन भाषेत नाही ते त्याज्य समजावे. म्हणजे ज्या भाषा बोलणाऱ्या माणसांनी वनस्पती हजारो वर्षे ओळखल्या, वापरल्या आणि नावाने हाकारल्या, त्या साऱ्या भाषा एका फटक्यात दरबाराबाहेर गेल्या. या नियमाला अपवाद होता तो व्यक्तिनामांचा. वनस्पतिशास्त्राची सेवा करणाऱ्या पुरुषाचे नाव प्रजातीला देणे हा लिनियसच्या मते त्याचा सर्वोच्च सन्मान होता. तेव्हा ‘कारवी’ हा शब्द लिनियसपुढे आला असता तर नामंजूर झाला असता, आणि गॉथेनबर्गच्या एखाद्या व्यापाऱ्याचे आडनाव मात्र मंजूर होत होते.

हे उदाहरण काल्पनिक नाही. महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण. त्याची प्रजाती ‘लागरस्ट्रोमिया’. माग्नुस फॉन लागरस्ट्रोम (१६९१–१७५९) हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक होता. कंपनीच्या जहाजांवरून पूर्वेकडच्या वनस्पती व इतर जिन्नस तो लिनियसकडे पोचते करी, आणि त्या उपकाराची फेड म्हणून लिनियसने १७५९ साली, म्हणजे लागरस्ट्रोमच्या मृत्यूच्याच वर्षी, हे नाव छापले. कोकणातल्या ओढ्यांच्या काठी वैशाखाच्या उन्हात फुलणाऱ्या तामणीचा आणि त्या गृहस्थाचा ऋणानुबंध तो एवढाच. पळसाची प्रजाती ‘ब्यूटिया’. ती १७६२-६३ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान असलेल्या अर्ल ऑफ ब्यूटच्या नावाने. सरंजामी काळात गावे इनाम मिळत, तशी या मंडळींना झाडे इनाम मिळाली आहेत.

तथापि लिनियसवर केवळ रागावून भागत नाही, कारण त्याच्या नामकरणात कधी कधी मोठी रसिकता दिसते. दसऱ्याला आपण ज्याची पाने सोने म्हणून लुटतो तो आपटा ‘बौहिनिया’ प्रजातीचा. योहान आणि कॅस्पर बौहिन हे दोघे भाऊ, दोघेही थोर वनस्पतिज्ञ. आपट्याचे आणि कांचनाचे पान दुभागलेले, दोन दळांचे पण एका देठाचे, म्हणून प्ल्युमिए या वनस्पतिज्ञाने ही प्रजाती त्या दोघा बंधूंना वाहिली आणि लिनियसने या कल्पनेचे कौतुक करून तिला आपल्या ग्रंथात स्थान दिले. श्रावणात बांधाबांधावर उगवणारा आणि भाजीसाठी खुडला जाणारा केना ‘कॉमेलिना’ प्रजातीचा. त्याच्या फुलाला तीन पाकळ्या. दोन निळ्या व ठळक, तिसरी बारीक, नजरेत न भरणारी. कॉमेलिन घराण्यात दोन पुरुष वनस्पतिशास्त्रात नावारूपास आले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला, हे लिनियसने या फुलात वाचले. दसऱ्याच्या पानातून दोन भाऊ आणि केन्याच्या फुलातून एका घराण्याचे भाग्य वाचणाऱ्या माणसाला काव्यदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? फक्त त्या दृष्टीच्या कक्षेत बौहिन आणि कॉमेलिन येत होते, आपट्याला आपटा म्हणणारा येत नव्हता.

स्वीडनचे नाव ऐकून अंबरनाथकराला काही परके वाटण्याचे कारण नाही. विमको नाका हे नाव येथे आजही लोकांच्या तोंडी आहे, आणि विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी ही १९२३ साली स्थापन झालेली, स्वीडिश आगपेटी कंपनीच्या भांडवलाची संस्था. आगकाडीसाठी हिंदुस्थानात सर्वाधिक पसंती होती ती काटेसावरीच्या मऊ, पांढऱ्या, हलक्या लाकडाला. आता या काटेसावरीची कथा पाहा. संस्कृतात ती शाल्मली. पुराणकारांनी पृथ्वीच्या सात द्वीपांपैकी एकाला तिच्यावरून शाल्मलीद्वीप असे नाव दिले, इतका तिचा मान. १८३२ साली व्हिएन्नाच्या शॉट आणि एंडलिकर या दोघांनी लिनियसचा भाषिक निर्बंध बाजूस सारून ‘साल्मालिया’ ही प्रजाती निर्माण केली, आणि कित्येक दशके आपल्या वनखात्याच्या व औषधिशास्त्राच्या पुस्तकांतून काटेसावर ‘साल्मालिया मलबारिका’ या नावाने नांदली. पुढे तिचाही फेरफार झाला. लिनियसची ‘बॉम्बॅक्स’ ही प्रजाती जुनी आणि व्यापक. तिच्यात साल्मालिया विलीन झाली. ‘बॉम्बॅक्स’ या शब्दामागे रेशमाचा ग्रीक शब्द आहे, आणि त्याचे कारण उशांत भरतात तो सावरीचा कापूस. अर्थ म्हणून काही वाईट नाही. पण शाल्मलीद्वीप बुडाले ते बुडालेच.

संस्कृतातून आलेले नाव गेले आणि मराठीतून आलेलेही गेले, एवढ्यावरून या दप्तराचा कारभार आपल्याशी आकसाने चालतो असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. जुन्नरच्या डोंगरकड्यांवर सापडलेल्या एका दुर्मीळ मांसल वनस्पतीला डॅल्झेल या वनाधिकाऱ्याने मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ‘फ्रेरिया’ ही प्रजाती अर्पण केली होती. गव्हर्नरसाहेबांचीही ती प्रजाती आता दुसरीत विलीन केली गेली आहे. उलट करंजाचे ‘पोंगामिया’ हे दक्षिणेतील देशी शब्दावरून घेतलेले नाव मध्यंतरी दुसऱ्या प्रजातीखाली गाडले गेले होते, ते अलीकडे पुन्हा वर आले. पुरावा बदलला की फेरफार रद्दही होतो. उद्या एखाद्या नव्या अभ्यासाने कारवी वेगळी ठरली, तर ‘कार्व्हिया’ हे नाव तयारच आहे. नव्याने बारसे करावे लागणार नाही.

याच डोंगरांत, कारवीच्या शेजारी, कुंभा नावाचे एक ओबडधोबड झाड उभे असते. थंडीच्या दिवसांत त्याची पाने गळण्याआधी तांबूस होतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठी फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडतो. मग हिरवी, गोल, गाडग्याएवढी नव्हे तरी गाडग्याच्या आकाराची फळे धरतात, ज्यांच्या डोक्यावर वाळका संदल मुकुटासारखा चिकटून राहतो. फळाच्या या आकारावरूनच कुंभा, संस्कृतात कुंभी. त्याचा संदल वाकुंभा या नावाने काष्ठौषधीच्या दुकानांत विकला जाई आणि बाळंतिणीला देत. त्याच्या तंतुमय सालीचा, ती सावकाश धुमसत राहते म्हणून, तोड्याच्या बंदुकीसाठी तोडा करीत. पुढे आयुध निर्माणी आणि आगपेटीचा कारखाना या दोहोंसाठी प्रसिद्ध झालेल्या गावाच्या शिवेवर हे झाड असावे, यात योगायोगापलीकडे काही नाही, तरी नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

कुंभ्याचे शास्त्रीय नाव ‘केरेया आर्बोरिया’, आणि ही ‘केरेया’ मराठी वाचकाची अगदी जवळची ओळखीची असायला हवी, कारण ती विल्यम कॅरीच्या नावाची आहे. नॉर्दॅम्प्टनशायरमधील चांभारकाम शिकलेला हा मिशनरी १७९३ साली बंगालात उतरला, १८०० साली श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत स्थिरावला, आणि पुढच्याच वर्षापासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात शिकवू लागला. बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही त्याच्याकडे आली. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, ज्यातील मराठी शब्द मोडी टाइपात आहेत. महाराष्ट्राच्या भूमीपासून शेकडो कोस दूर, गंगेच्या मुखाजवळ, मराठीचा छापील कोश तयार व्हावा ही आमच्या भाषेच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे. त्याच कॅरीला झाडांचे वेड होते. श्रीरामपुरात त्याने स्वतःची बाग उभी केली, १८२० साली कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली, आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांच्याशी त्याचा दाट स्नेह जडला. रॉक्सबर्गने १८११ साली ‘केरेया’ प्रजाती प्रसिद्ध केली. रॉक्सबर्ग हिंदुस्थान सोडून गेल्यावर कॅरीने त्याची ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ ही सूची १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली आणि नंतर त्याच्या ‘फ्लोरा इंडिका’चे संपादन केले. मित्राने झाड दिले, मित्राने ग्रंथ दिला. नावांच्या या बाजारात असा निखळ व्यवहार क्वचित आढळतो, आणि म्हणून लागरस्ट्रोमच्या तामणीवर मी जी तक्रार केली ती कॅरीच्या कुंभ्यावर करणार नाही.

परंतु कॅरीचे मराठी ग्रंथ त्याने एकट्याने लिहिले नव्हते. फोर्ट विल्यम महाविद्यालयातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांचे साह्य त्यामागे होते, आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या आरंभीच्या मराठी गद्य पुस्तकांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. शब्द सांगणारा वैजनाथ, कोश करणारा कॅरी. आणि कुंभ्याच्या नावात कॅरी अमर, वैजनाथ कोणत्याच झाडात नाही. या दोघांत तुलना करून कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. नावे कशी पडतात आणि कोणाची पडतात, ते यावरून कळते. आणखी एक गंमत अशी की कुंभ्याच्या संपूर्ण कुलाचे नाव ज्या दक्षिण अमेरिकेतील प्रजातीवरून पडले, ती ‘लेसिथिस’, तिचा ग्रीक अर्थ तेलाचा बुधला. सह्याद्रीतल्या माणसाने फळ पाहिले आणि त्याला कुंभ आठवला. स्वीडनच्या लफ्लिंगने अमेरिकेतल्या त्याच्या भाऊबंदाचे फळ पाहिले आणि त्यालाही भांडेच आठवले. ग्रीक शब्द असल्यामुळे एकाचे निरीक्षण शास्त्र ठरले आणि दुसऱ्याचे बोलीभाषेतील नाव.

अन्यायाचे खरे उदाहरण पाहायचे तर ते बाभळीचे. ‘अकेशिया’ या शब्दाच्या मुळाशी काट्याचा अर्थ आहे, आणि प्राचीनांनी तो ज्या झाडाला लावला ती नाईलच्या खोऱ्यातील, म्हणजे आपल्याच रानातली बाभूळ. पुढे या प्रजातीत जगभरची हजाराहून अधिक झाडे गोळा झाली, त्यांत ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार. आणि जेव्हा तिची वाटणी अटळ झाली, तेव्हा प्रश्न आला की मूळ नाव कोणाकडे राहावे. नियमाप्रमाणे ते बाभळीकडे राहायला हवे होते. पण २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाकडे देण्याचा निर्णय झाला आणि २०११ साली मेलबर्न येथे तो कायम झाला. परिणाम असा की काट्याचे नाव बहुतांशी बिनकाट्यांच्या झाडांकडे गेले, आणि काट्यांनी भरलेली आमची बाभूळ ‘व्हॅकेलिया’ झाली. व्हॅकेल हे चीनमधील इंग्रज वखारीचे धर्मोपदेशक. ज्याच्या काताच्या धंद्यावरून कातकरी हे जमातीचे नाव पडले तो खैर ‘सेनेगालिया’त, म्हणजे आफ्रिकेतील सेनेगलच्या नावाखाली गेला. ऑस्ट्रेलियाचा युक्तिवाद असा होता की हजार नावे बदलण्यापेक्षा थोडी बदलणे सोयीचे. तो व्यवहाराला धरून आहे हे मान्य. पण हे नाव पुराव्याने बदलले नाही, मतदानाने बदलले, आणि त्या मतदानात आफ्रिका व हिंदुस्थान यांची बाजू दुबळी पडली. कारवीच्या फेरफारावर मी तक्रार करीत नाही; बाभळीच्या फेरफारावर करतो.

इतके असूनही लॅटिन नावे टाकून द्या असे मला सुचवायचे नाही. आमची देशी नावे गोड आहेत, अर्थपूर्ण आहेत, पण ती एका दप्तरात बसत नाहीत. कुडा म्हटला की पांढरा कुडा वेगळा आणि काळा कुडा वेगळा. पहिला ‘होलॅरेना’ प्रजातीचा, दुसरा ‘राइटिया’चा, आणि आमांशावर वैद्य जो कुटज देतो तो पहिला. बाजारात एकाच्या सालीऐवजी दुसऱ्याची साल गळ्यात मारली जाते तेव्हा नावातील घोटाळा रोग्याच्या पोटात जातो. खानदेशातील अंजन आणि महाबळेश्वराची अंजनी यांतही कोणता संबंध नाही. वनस्पतिशास्त्राला एक सर्वमान्य, संहितेने बांधलेले नाव लागते ते यासाठी, आणि ते नाव पुण्यात, युट्रेख्टमध्ये आणि टोकियोत एकच असावे लागते. तामणीचे प्रजातिनाम बदलून घ्या, असा ठराव उद्या कोणी नगरपरिषदेत आणील तर तो हास्यास्पद ठरेल. २०२४ साली माद्रिदच्या परिषदेने आफ्रिकी माणसांना हिणवणाऱ्या एका शब्दावरून पडलेली अनेक जातिनामे बदलली, ते योग्य झाले; तेथे अपमान होता. लागरस्ट्रोमच्या नावात अपमान नाही, फक्त अनुपस्थिती आहे, आणि अनुपस्थितीवर उपाय निराळा असतो.

तो उपाय काय, याचे उदाहरण साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅम येथे छापला. पहिल्या खंडात त्याने आपल्या माहितगारांची प्रमाणपत्रे त्यांच्या स्वतःच्या लिपीत छापली आहेत: इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे. त्या तिघांचे पत्र १६७५ सालचे, नागरी लिपीतले आहे. वनस्पतींची नावे आणि गुण कोणी सांगितले हे वाचकाला कळलेच पाहिजे, असे एका डच सेनानीला सतराव्या शतकात वाटले. ब्रेमेकॅम्पने १९४४ साली कारवीचे नाव उचलले तेव्हा त्याला ते तयार मिळाले होते, कारण डॅल्झेल आणि गिब्सन यांच्या १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’पासून थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथापर्यंत इंग्रज लेखक देशी नावे लिहून ठेवीत आले होते. पण त्यांना ते कोणी सांगितले? कोणत्या पाड्यावरच्या ठाकराने, कोणत्या कातकरणीने, जिच्या घराचा कूड कारवीच्या काठ्यांचा होता आणि शेणामातीने लिंपलेला होता? ‘देशी नाव’ एवढ्या दोन शब्दांत ती सारी माणसे मिटून गेली.

आज ती माहिती देणारी माणसे कमी होत चालली आहेत. बदलापूरच्या पुढे आणि मलंगच्या पायथ्याशी कूड जाऊन विटा आल्या, ते बरेच झाले. कोणी कुडाच्या घरात राहावे असा आग्रह मी धरणार नाही. परंतु कारवी घरासाठी तोडली जात होती तोवर तिच्या कोवळ्या-जुन्या काठीची, फुलाच्या वर्षाची, वाळल्या झाडाच्या उपयोगाची जी शब्दसंपत्ती होती, ती वापराबरोबर सरते आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली आणि मग २०२४ साली कारवी फुलली तेव्हा ती पाहायला माणसांची रीघ लागली, छायाचित्रे निघाली, वर्तमानपत्रांत तिच्यावर मजकूर आला. कारवीला दुसरे काय काय म्हणतात हे विचारण्यासाठी मात्र कोणी पाड्यावर गेल्याचे ऐकिवात नाही.

येथे काय करता येईल, तर ते फार खर्चाचे नाही. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन्ही नगरपरिषदांनी रस्त्याकडेच्या व उद्यानांतील झाडांवर पाट्या लावाव्यात. त्यांवर प्रथम मराठी नाव, मग ठाकरी-कातकरी बोलीतील नाव असेल तर ते, आणि मग शास्त्रीय नाव व त्याची दोन ओळींची हकीकत. कुंभ्याच्या पाटीवर कॅरीबरोबर वैजनाथही यावा. काटेसावरीच्या पाटीवर ‘साल्मालिया’ कंसात राहावे. शाळकरी मूल आपट्याखाली उभे राहून बौहिन बंधूंची गोष्ट वाचील तर दसऱ्याच्या सोन्याचे मोल कमी होईल असे मला वाटत नाही.

दुसरे काम महाविद्यालयांचे आणि संशोधकांचे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर यांच्या नावाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, आणि या भागातील विद्यार्थी दरवर्षी चंदेरीच्या व बारवीच्या रानांतून नमुने गोळा करतात. प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा क्रमांक असतो. देशी नाव असलेच तर एका शब्दात असते. त्याखाली, सांगणाऱ्याची संमती घेऊन, हे नाव कोणी, कोणत्या गावी आणि कोणत्या बोलीत सांगितले एवढे लिहावे. ही ओळ वाढवण्यास नामकरणाच्या संहितेतील कोणत्याही कलमाची आडकाठी नाही, आणि तिच्यासाठी व्हिएन्ना, मेलबर्न किंवा माद्रिद येथील मतदानाची वाटही पाहावी लागत नाही.